मुलाचा दुखरा दात आणि घरातील मशेरी
(धावडा परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो तेव्हा त्यातील बहुतेक मुले सहा वर्षांच्या आसपास असतात. कोणाचे समोरचे दोन दात पडलेले असतात, कोणाचा एक हलत असतो, आणि पाटीवरील अक्षरापेक्षा त्या हलणाऱ्या दाताशी जिभेने खेळण्यातच त्या बालकाचे चित्त अधिक गुंतलेले असते. हे दृश्य शिक्षकाच्या इतके परिचयाचे असते की त्याकडे तो कौतुकाने पाहतो व पुढे जातो. परंतु ह्याच सुमारास त्या मुखात आणखी एक घटना घडत असते, आणि ती मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, आधी काहीही न पडता, एक नवी दाढ हिरडीतून हळूहळू वर येते. वर दोन व खाली दोन अशा ह्या चार दाढा होत. कायमच्या दाढांपैकी त्या पहिल्या. सहाव्या वर्षी आलेली ही दाढ साठाव्या वर्षीही भाकरी चावण्याच्या कामी यावी अशी निसर्गाची योजना आहे.

प्रत्यक्षात घडते ते निराळेच. आधी दात पडला नाही, म्हणून आलेला नवा दात घरच्या माणसांच्या ध्यानी येत नाही; आणि ध्यानी आला तरी तो दुधाचाच असावा असे ती धरून चालतात. ह्या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात व त्यांत अन्नाचे कण अडकून राहतात. ती नवी असल्यामुळे तिचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते. शिवाय ती इतकी मागे असते की दात घासणाऱ्या लहान मुलाचे बोट किंवा ब्रश तिच्यापर्यंत पोचतच नाही. कायमच्या दातांत बहुधा हीच दाढ सर्वांत आधी किडते, ह्यात मग नवल ते काय? तिसरीचौथीत गेलेल्या मुलाच्या गालावर सूज दिसते तेव्हा शिक्षक आईला बोलावून घेतो, आणि आई म्हणते, "दुधाचाच दात हाये गुरुजी, आपसूक पडंल." तो पडावयाचा नसतो. तो गेला तर त्याच्या जागी दुसरा यावयाचा नसतो.

दात खरोखरच दुधाचा असला तरी त्याची उपेक्षा करून चालत नाही. दुधाचे दात वीस. त्यांतील मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुखात राहतात. सहाव्या वर्षी किडलेल्या दाढेने आणखी चारपाच वर्षे काम करावयाचे असते. शिवाय ती खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवते. ती अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, आणि पुढे येणारा दात वाट मिळेल तसा वाकडातिकडा येतो.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो असा समज खेड्यापाड्यांत अद्याप आहे. कानात वा दातात धूर देऊन किडे काढून दाखविणारे लोक बाजारात बसत असत, त्यांनी तो समज पक्का केला. वास्तविक मुखात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू नित्य असतात. साखर मिळाली की ते तिच्यापासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताच्या कवचातील खनिज विरघळविते. लाळ हे आम्ल धुऊन टाकते व झीज काही अंशी भरूनही काढते. मात्र त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास निवांत मिळावा लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याहूनही ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे ठरते. सणाच्या दिवशी जेवणासोबत पोटभर पुरणपोळी खाणाऱ्या मुलापेक्षा, सकाळी चहात बुडविलेले बिस्किट, मधल्या सुट्टीत गोळी, शाळा सुटल्यावर पुडीतला चिकट खाऊ आणि निजताना पुन्हा चहा, असा क्रम असलेल्या मुलाच्या दातांची हानी अधिक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेमध्ये साखरेची टंचाई झाली, तेव्हा तेथील शाळकरी मुलांच्या दातांची कीड स्पष्टपणे घटली होती. धावड्यासारख्या गावात युद्ध नको आणि टंचाईही नको. शाळेच्या फाटकासमोरील दुकानात मधल्या सुट्टीत कोणता खाऊ मिळतो, एवढे मुख्याध्यापकाने एकदा जाऊन पाहिले तरी पुष्कळ कळेल.

किडलेल्या दाढेचे दुखणे दाढेपुरते राहत नाही. रात्री आडवे झाले की ठणका वाढतो. मूल झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. अशा मुलास आळशी ठरविणे सोपे आहे. त्याचे खरे कारण पोषण आहाराच्या पंगतीत उघडे पडते. दुखरी दाढ असलेले मूल एकाच बाजूने चावते, मटकीची उसळ ताटात तशीच ठेवते, खिचडी मात्र गिळते. थंड पाणी पिताना मान एका अंगाला कलती करते. पंगतीत मुलांसमवेत बसणाऱ्या शिक्षकास हे दिसते, आणि त्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. न चावता गिळलेल्या अन्नाने अंग भरत नाही. मग वजनाच्या नोंदीत ते मूल मागे पडते, आणि दोष आहाराला दिला जातो.

दाताच्या मुळाशी पू झाला तर तो जबड्यात व गळ्याकडे पसरू शकतो. गालाला सूज, ताप आणि तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर मुलास त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. उद्याचा बाजार होऊ दे, मग पाहू, असे म्हणण्याचा तो प्रसंग नव्हे. लहानपणीच्या सांधेतापामुळे ज्याच्या हृदयाच्या झडपा अधू झाल्या आहेत, त्याच्या मुखातील जंतू रक्तात मिसळून त्या झडपांवर वस्ती करू शकतात. आजी-आजोबांच्या बाबतीत मधुमेह व हिरड्यांचा विकार हे परस्परांना बळ देणारे सोबती आहेत: साखर आटोक्यात नसली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

येथवर जे सांगितले ते पुष्कळांच्या वाचनात आले असेल. ह्या भाषणाचा मुख्य विषय त्याच्या पुढचा आहे. मुलाची दाढ रात्री ठणकू लागते तेव्हा घरात काय होते?

भोकरदन तालुक्यात, किंबहुना अवघ्या ग्रामीण महाराष्ट्रात, अशा वेळी घरातील वडीलधारी स्त्री प्रथम लवंग शोधते. त्यास हरकत नाही. लवंगेच्या तेलाने ठणका काही काळ मंदावतो. दुखण्याची गोळी हिरडीवर ठेवण्याचा प्रघात मात्र वाईट आहे. गोळी पोटात जावयाची असते. हिरडीवर ठेवली तर तेथील त्वचा भाजते. लवंगेने भागले नाही की मशेरीची डबी निघते. तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पाने कुटून केलेली ही पूड आजी स्वतः सकाळी व दुपारी दातांना लावीत असते. ती मायेनेच म्हणते, "जरा लाव बाळा, दुखायचं थांबंल." थोडेसे थांबतेही. दुसऱ्या रात्री पुन्हा लावली जाते. दाढ पडून जाते वा पोखरून शांत होते. डबीची सवय मात्र राहते. मुलीच्या बाबतीत तर ती सासरीही सोबत जाते.

मशेरीस कोणी व्यसन म्हणत नाही, येथेच खरी अडचण आहे. विडी ओढणाऱ्या पुरुषास तो काय करतो हे ठाऊक असते. मशेरी लावणारी स्त्री म्हणते की ती दात घासते. तिच्या लेखी तंबाखू हे दंतमंजन आहे, आणि दात स्वच्छ ठेवणे हा तर शाळेत शिकविलेला सद्गुण! शाळेतील दंतस्वच्छतेचा पाठ घरी ह्या वाटेने उलटू शकतो, याची जाणीव शिक्षकास असली पाहिजे. 'रोज दात घासा' एवढेच सांगून भागत नाही. कशाने घासा हेही सांगावे लागते.

महाराष्ट्रातील खेड्यांत ह्या प्रश्नाचा शोध फार पूर्वीच घेतला गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या संख्येने खेड्यांतील माणसांची तोंडे उघडून पाहण्याचा असा उद्योग जगातही विरळाच. तंबाखूचे निरनिराळे प्रकार आणि मुखातील कर्करोग व त्याची पूर्वचिन्हे यांचा संबंध त्यातून पुढे आला, आणि स्त्रियांमध्ये रूढ असलेली मशेरी संशोधकांच्या नोंदीत आली. गालाच्या आतल्या बाजूस वा हिरडीवर उमटणारा, पुसल्याने न जाणारा पांढरा चट्टा हे त्या पूर्वचिन्हांपैकी एक. पुढील काळात आणखी एक गोष्ट दिसून आली. गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचे प्रमाण अधिक असते. डबी आईच्या हाती, आणि भार न जन्मलेल्या बाळावर.

कायद्याने जे करता येण्याजोगे होते त्यातील बरेच झाले आहे. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली देशभर बंदी झाली. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे थोडे, आणि तोंडात धरून वा दातांना लावून सेवन करणारे २४.४ टक्के. घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीवर कोणता निरीक्षक छापा घालणार? 'तंबाखूमुक्त शाळा' हा फलक अनेक शाळांच्या भिंतीवर आहे व तो असावाच. परंतु त्या फलकाखालून जाणाऱ्या मुलीची दाढ ठणकत असेल, तर तिच्यासाठी त्या फलकात काही नाही. दाढेवर वेळीच उपचार झाला तर डबी उघडण्याचे निमित्तच उरत नाही. म्हणून दंतचिकित्सा आणि व्यसनमुक्ती ही दोन निरनिराळ्या परिपत्रकांतील कामे मानू नयेत.

सुपारीविषयीही येथे सांगणे अवश्य आहे, कारण तिच्याकडे तंबाखूइतक्या संशयाने पाहिले जात नाही. लग्नाकार्यात पाहुण्यांच्या ताटातील गोड सुपारी मुले मूठभरून उचलतात, आणि दुकानात तिच्या रंगीत पुड्या टांगलेल्या असतात. सुपारीत तंबाखू नसली तरी ती कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केला. तत्पूर्वीही तिचे एक दुष्कृत्य उघड झाले होते. गालाच्या आतील मऊ त्वचा ताठर, पांढुरकी होते व तोंड हळूहळू उघडेनासे होते, अशा विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली केले; त्याच्या आदल्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत असाच विकार नोंदला गेला होता. त्याचे मुख्य कारण सुपारी होय. एकदा ताठरलेली त्वचा पूर्ववत होत नाही, म्हणून तो आरंभीच ओळखावा लागतो.

आणि ह्या मुलखात त्याचा आरंभ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भोकरदन तालुका मिरचीच्या पिकासाठी ओळखला जातो. येथील मुले लहानपणापासून ठेचा-भाकरीवर वाढतात. असे मूल एकाएकी साधी आमटीही तिखट लागते, तोंड भाजते, असे म्हणू लागले तर त्याचे नखरे म्हणून सोडून देऊ नये. ह्या विकारात तिखट सोसत नाही हेच पुष्कळदा पहिले लक्षण असते. मग दुसरी परीक्षा घ्यावी. मुलाने स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालून पाहावीत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर त्यास दंतवैद्याकडे पाठवावे. शिक्षकाने स्वतःची बोटे मुलाच्या तोंडात घालू नयेत, हे सांगावयास नकोच.

ओघात आणखी एक गोष्ट. काही मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग असतात. अशा मुलास 'दात घासत नाहीस' म्हणून वर्गासमोर टोचून बोलले जाते, आणि ते मूल हसताना तोंडावर हात धरू लागते. पुष्कळदा त्यात त्या मुलाचा काडीइतकाही अपराध नसतो. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असेल, तर दात हिरडीखाली तयार होत असतानाच ते डागाळतात. घासून ते निघत नाहीत. नांदेड जिल्ह्यातील किनवटचा भाग, यवतमाळ व चंद्रपूर येथे हा प्रश्न जुना आहे. एकाच वस्तीवरील चारपाच मुलांचे दात असे दिसले, तर त्या वस्तीच्या कूपनलिकेचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, असे ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

आता शाळेत काय होऊ शकते ते पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. ह्या कार्यक्रमानुसार आरोग्य पथकाने शाळेतील प्रत्येक मुलास वर्षातून एकदा तपासावयाचे असते, आणि तपासावयाच्या विकारांत दातांची कीडही आहे. पथक येते, तोंड उघडून पाहते, नोंद करते. पुढे ते मूल रुग्णालयात गेले की नाही, हे मात्र शाळेसच विचारावे लागते. पथकाच्या नोंदींची एक प्रत वर्गशिक्षकाने स्वतःजवळ ठेवावी, आणि दिवाळीपूर्वी व नाताळानंतर असे दोनदा ती उघडून पालकांकडे विचारणा करावी. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जे होण्यासारखे नसेल, त्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मजुरी बुडवून तेथवर जाणे पालकास जड जाते, हे खरे. एकाच गावची तीनचार मुले एका दिवशी, एका जाणत्या पालकासोबत गेली तर इतरांची मजुरी वाचते.

दात घासण्याचे काम शाळेतच करवून घेता येईल काय? फिलिपीन्समध्ये अनेक शाळांतून मुले रोज शिक्षकाच्या देखरेखीखाली एकत्र हात धुतात व फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतात. त्यासाठी दंतवैद्य लागत नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, ही हरकत कोणीही घेईल. परंतु ह्या कामास पाणी फारसे लागत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटे घासणे, आणि फेस थुंकून टाकणे. नंतर भरपूर चुळा भरल्या तर फ्लोराइड धुऊन जाते, म्हणून त्या न भरणेच इष्ट. ब्रशवर मुलाचे नाव असावे; ब्रश एकमेकांस न लागता उघड्या हवेत वाळावेत, डब्यात कोंडू नयेत. कडुनिंबाची वा बाभळीची काडी ज्या घरी रूढ आहे तेथे तिची निंदा करण्याचे कारण नाही. दात त्याने स्वच्छ होतात. मात्र तीत फ्लोराइड नाही. राखुंडी, कोळसा व विटेची भुकटी मात्र सोडवावी. त्यांनी कवच खरवडले जाते. शाळेत सर्वांत अधिक लक्ष पहिलीदुसरीच्या मुलांच्या मागच्या दाढेकडे द्यावे. ब्रश आडवा धरून तो तेथवर कसा न्यावा, हे प्रत्येकास एकदा हाताने दाखवावे लागते. तक्ता टांगून ते होत नाही.

कबड्डी-खोखोच्या मैदानावर एखाद्याचा समोरचा दात समूळ निखळून पडतो. तो कायमचा असेल तर वाया गेला असे समजू नये. दात माथ्याकडून धरून उचलावा, मुळास हात लावू नये, ते घासू नये. माती लागली असेल तर पाण्याने क्षणभर धुवावा, आणि जमल्यास त्याच जागी बसवून मुलास रुमाल चावून धरावयास सांगावे. तसे न जमले तर तो दुधात ठेवून तासाभराच्या आत, शक्य तर त्याहूनही लवकर, दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नये.

राहिला प्रश्न आजीच्या डबीचा. केरळ व आंध्रातील खेड्यांत हजारो तंबाखूसेवकांशी संशोधकांनी वर्षानुवर्षे बोलत राहून, चित्रे दाखवून, पुन्हा पुन्हा भेटून पाहिले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार पुष्कळांचे सेवन घटले, आणि मुखातील पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाणही कमी झाले. बोलण्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर आहे. पण ते बोलणे कसे असावे? घरी जाऊन "मावशी, ही मशेरी सोडा" असा आरंभ केला तर मावशी डबी पदराआड करते व चहाचे आधण ठेवते. विषय तेथेच संपतो. मुलीच्या दाढेपासून आरंभ केला तर निराळे घडते. "मावशी, नातीची ही दाढ दुधाची नाही, जन्माची आहे. येत्या बुधवारी दोन मुलांना घेऊन रुग्णालयात जायचे आहे, हिलाही पाठवा. तोवर लवंग लावा, डबीतले काही लावू नका." एवढेच पहिल्या भेटीत पुरे. दाढ भरून मुलगी परत आली, रात्री निवांत झोपली, म्हणजे दुसऱ्या भेटीत मावशी स्वतःच्या हलत्या दाताविषयी आपण होऊन विचारते.